डोंगर की बेट

यंदापर्यंत हे कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलासुद्धा नाही. चौदा वर्षांपूर्वी मी माझ्या धाकट्या बहिणीला सांगितलं की, बेटाचा खेळ आपल्या कंप्युटरवर चालत नाही. तो चालत होता. कुठेही न अडकता चालत होता. मी स्वतः चालवून बघितला होता आणि मग पुसून टाकला होता.

झालं, एवढंच. वाचणारा म्हणेल, लोक काय काय करून बसतात आणि हा गडी खेळाचं रडगाणं सांगायलाय! मलाही बरीच वर्षं तसंच वाटायचं. पण काही खोट्यांचं वजन बोलताना कळत नाही. कडब्याच्या पेंढीसारखं असतं ते. उचलताना वाटतं, ह्यात काय आहे? शीव ओलांडेपर्यंत खांदा बोलायला लागतो.

फेब्रुवारी सरत आला की मला ती पेंढी आठवते. मी आता परभणीत राहतो, कंप्युटर शिकवतो, ज्वारीशी माझा संबंध भाकरीपुरता उरला आहे. तरी कधी झरीकडून, आमच्या गावाकडून, येणारी कडब्याची गाडी रस्त्यात आडवी आली की स्कूटर बाजूला घेतो आणि वास ओढून घेतो. गोडसर, धुळकट, घशात खाजवणारा. काढणीच्या दिवसांत तो वास गावभर असायचा. आमच्याकडं रब्बीची ज्वारी विळ्यानं कापत नाहीत, मुळासकट उपटतात. उपटलेलं ताट पायावर आपटलं की काळी माती भसकन खाली पडते. माणूस संध्याकाळी घरी येतो तो गुडघ्यापर्यंत काळा, मानेवर कणसांची बारीक कूस चिकटलेली आणि तळहातांना फोड.

ह्या फोडांमुळंच सगळं घडलं. आमच्या घरात एक रीत होती. लग्न ठरलेल्या पोरीला त्या सुगीला रानात न्यायचं नाही. आई म्हणायची, "हळदीला हात चांगले दिसाय पायजेत. सासरी जाऊन उपटायचंच हाय जल्मभर." उषाचं लग्न त्या साली माघात ठरलं, वैशाखातली तारीख निघाली. त्यामुळं कळायला लागल्यापासून प्रत्येक काढणीत आईच्या मागं रानात राहिलेल्या कणसांचा सरवा वेचणारी माझी बहीण पहिल्यांदाच सुगीच्या ऐन दिवसांत रिकाम्या हातानं घरात बसली. अख्खा गाव रानात, गल्लीत कोंबड्या आणि म्हातारी माणसं, आणि उषा उंबऱ्यात बसून आपले तळहात न्याहाळते आहे. "दादा, मला करमायलंच न्हाई," ती म्हणाली. डी.एड. झालेली, तेवीस वर्षांची पोरगी. बसून राहायची सवय कुठली असणार?

माझी शिकवणी सकाळची असायची. अकराच्या एसटीनं मी झरीत यायचो. बायको बाळंतपणाला माहेरी गेली होती. घरात परभणीहून जुने भाग जोडून आणलेला एक कंप्युटर होता आणि पुण्याला नोकरी करणाऱ्या मित्रानं दिलेले दोन खेळ. तेव्हाही ते नवेकोरे नव्हतेच. इंग्रजी नावं आम्हाला लांबलचक वाटायची, म्हणून एकाला डोंगराचा म्हणायचो, दुसऱ्याला बेटाचा. दोन्ही तलवारी-जादूटोण्याचे, पण खरी गंमत वेगळीच. ह्या खेळांत एक अख्खा मुलूख असतो आणि तुम्ही त्यात पाहिजे तिकडं चालत सुटायचं. समोर दिसणाऱ्या टेकडीवर जावंसं वाटलं तर जा. कुणी अडवत नाही.

जागा मात्र एकाच खेळापुरती होती. बाकी डिस्कवर माझ्या शिकवणीचं सामान. म्हणजे निवड आली.

आता कुणी मला विचारलं की ह्या दोन जुन्या खेळांतला कोणता घ्यावा, तर मी मास्तरासारखा खुलासेवार सांगू शकतो. डोंगर दिसायला देखणा. बर्फ पडतं, नदीचं पाणी चकाकतं, पंखवाले ड्रॅगन डोक्यावरून जातात. मारामारी सोपी. मुख्य म्हणजे वर एक बाण असतो, तो सांगतो इकडं जा. पोचलात की पुढचा बाण. बेट त्याहून जुनं. माणसांचे चेहरे पोळ्याच्या मातीच्या बैलांसारखे. चाल गोगलगायीची. तलवार समोरच्याच्या अंगातून आरपार जाते आणि त्याला काही होत नाही. दलदल, राख, झाडाएवढाल्या कुत्र्याच्या छत्र्या. आणि बाण नाही. कुठं जायचं ते तिथल्या माणसाला विचारायचं. तो तोंडी वाट सांगणार, ती लक्षात ठेवायची.

उषानं बेटाच्या डब्यातलं माहितीपुस्तक उंबऱ्यात बसून वाचलं, डिक्शनरी मांडीवर ठेवून. वाटा विचाराव्या लागतात हे कळल्यावर हरखलीच. "दादा, हे तर आपल्या झरीवानीच हाय की!" खरंच होतं ते. आमच्याकडं वाट विचारली तर कुणी नुसतं बोट दाखवून गप्प बसत नाही. आण्णा, म्हणजे आमचे वडील, पाहुण्याला सांगायचे, "म्होरं एक लिंब लागंल. तिथं वळू नका. त्याच्या म्होरं दुसरा लिंब लागंल, तिथंबी वळू नका." पाहुणा विचारायचा, मग वळायचं कुठं? आण्णा म्हणायचे, "तेच सांगायलोय की. ऐकून तर घ्या."

डब्यात बेटाचा कागदी नकाशा होता. तो तिनं त्याच दिवशी ताब्यात घेतला. डोंगराच्या डब्यातला मला दिला. तुझं तुला, माझं मला.

आता कबूल करायचंच बसलो आहे तर पुरतं करतो. पुढच्या रविवारी आई आणि उषा साड्या बघायला परभणीला गेल्या तेव्हा मी बेट कंप्युटरवर टाकून पाहिलं. जहाज किनाऱ्याला लागलं, फळ्यांचा धक्का, एक शिपाई नाव विचारतो. अर्धा तास चाललो आणि अर्ध्या तासात तीनदा चुकलो. तेव्हा माझ्या लक्षात आलं की इथं मी उषाइतकाच अडाणी आहे. डोंगर मी त्याआधी पार केलेला होता. तिथली प्रत्येक गुहा, कुठल्या पेटीत काय, सगळं पाठ. डोंगरात मी मास्तर होतो. संध्याकाळी ती साड्यांच्या पिशव्या घेऊन आली आणि पिशव्या खाली ठेवायच्या आधी म्हणाली, "टाकलंस का बेट?"

"न्हाई चालत. मशीन पुरत न्हाई त्याला."

जुना खेळ, त्याला कमी ताकद लागते, डोंगर चालतो तर बेट चालणारच, हे कुणालाही कळलं असतं. पण मी परभणीत कंप्युटर शिकवणारा दादा होतो. तिनं "बरं" म्हटलं. एका शब्दात विश्वास ठेवला. मला अजून ते "बरं" ऐकू येतं.

तरी ती सुगी आनंदाची गेली, हे मान्य केलं पाहिजे. माझा अपराध आहे म्हणून त्या दुपारी कोमेजल्या नव्हत्या. लोडशेडिंगच्या त्या दिवसांत आमच्याकडं दुपारी बारा ते चार लाईट असायची, तेवढ्यात खेळायचं. आण्णांना आम्ही सांगितलं होतं की हा कोर्स आहे. आण्णांनी सोयऱ्यांना निरोप धाडला, "पोरगी कंप्युटर शिकायलीय." लाईट वेळेआधी गेली की यूपीएसची बॅटरी टुं टुं करायची. मग पाच मिनिटं मिळायची. आई भाकरी थापता थापता ओरडायची, "उषे, सेव कर! सेव केलंस का?" आईला सेव करणं म्हणजे काय ते शेवटपर्यंत कळलं नाही, पण न केल्यास घरात रडारड होते एवढं तिला पक्कं ठाऊक होतं.

उषानं आपल्या पात्राचं नाव गोदा ठेवलं आणि डोंगरात शिरली. मी शेजारी लोखंडी घडीच्या खुर्चीत. जग बुडायला आलेलं, ड्रॅगन गावं जाळताहेत, बाण ओरडून सांगतोय इकडं चल, आणि आमची गोदा एका शेतकऱ्याच्या वाफ्यातला कोबी उपटते आहे. मग गहू. मग बटाटे. मग वाटेवरची फुलं. मग कुणाच्या तरी स्वयंपाकघरातली लसणाची गड्डी, पण ती "त्येंची हाय" म्हणून परत ठेवली.

आणि एके दिवशी गोदा हलेना.

"दादा, ही चालंना का रे झाली?"

"ओझं जास्त झालंय. टाक काहीतरी खाली."

"काय टाकू?"

"कोबी टाक की. चाळीस कोबी काय करायचेत?"

तिनं माझ्याकडं असं पाहिलं, जणू मीच कोबी चोरून आणले आहेत. "अन्न टाकायचं व्हय, दादा?"

गोदा मग चाळीस कोबी घेऊन पाऊल पाऊल टाकत तीन गावं चालली. एका ओसाड घरात पिंप होतं, त्याची उषानं कणगी केली आणि कोबी त्यात साठवले. दोन दुपारी गेल्या त्यात. मी मोठमोठ्यानं सुस्कारे सोडत होतो. "डावीकडं वळ. तिकडं न्हाई, डावीकडं. अगं, त्या गुहेत चांगली तलवार हाय, मी सांगतो ना." ती माझ्या सांगण्यानं वळायची, तलवार घ्यायची, आणि परत येऊन फुलं खुडायची. हात रानात जायचे थांबले होते, पण सरवा वेचायचा राहिला नव्हता. ज्वारी निघून गेलेल्या रानात राहिलेलं कणीस ज्या डोळ्याला दिसतं, त्या डोळ्यानं ती डोंगराकडं पाहत होती. मी अख्खा डोंगर पार केला होता आणि त्यात जांभळी फुलं आहेत हे मला माहीत नव्हतं.

आण्णा एकदा रानातून लवकर आले आणि मागं उभे राहून बघू लागले. गोदाचा घोडा एक उभा कडा चढत होता. आण्णा बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "त्याच्या खुराला डिंक लावलाय का?" उषा हसून हसून टेबलावर पडली आणि तेवढ्यात घोडा कड्यावरून खाली आला. आण्णा टोपी काढून घाम पुसत म्हणाले, "लावलाय, पण कमी पडला."

मधूनच ती विचारायची, "बेटावर घोडा असंल का रे?" मी म्हणायचो, "काय माहीत."

वैशाखात लग्न झालं. तळहात मऊ होते, हळद खुलली. उषा सोनपेठला गेली. आठवडाभरात मी बेट टाकलं. डोंगर काढायच्या आधी गोदाची फाइल एका सीडीवर उतरवून ठेवली. इथंच खरी मेख आहे. फाइल उतरवून ठेवता येते, खेळ पुसला तरी पुढं परत तिथूनच सुरू करता येतं, हे मला सुगीतही माहीत होतं. एक आठवडा डोंगर, एक आठवडा बेट, असं सहज करता आलं असतं. अडचण मशीनची नव्हती. मला माहीत असलेल्या मुलखातच तिनं हिंडावं, आणि मला विचारून हिंडावं, अशी माझी इच्छा होती. हे लिहायला मला चौदा वर्षं लागली.

त्या पावसाळ्यात मी एकटा बेटावर भटकलो. वाटा लिहून ठेवायला एक शंभर पानी वही केली. चुकत गेलो आणि चुकण्यात मजा येत गेली. एखादं टेकाड ओलांडलं की खाली अचानक दिव्यांनी उजळलेलं गाव दिसायचं, आणि मी "ए, बघ की" म्हणत खुर्चीकडं वळायचो. खुर्ची घडी करून भिंतीला टेकवलेली असायची.

यंदा मार्च लागला आणि तिचा फोन आला. उषा आता जिल्हा परिषदेच्या शाळेत बाई आहे. शाळा सकाळची झाली होती, तिचा नवरा दिवसभर रानात, लेक शिकवणीला. दुपारी रिकाम्या.

"दादा, एक विचारायचंय. हसू नको."

"विचार."

"आपले ते दोन खेळ होते बघ. दोन्हीबी लय सस्त्यात मिळायलेत आता. कोणता घेऊ?"

मी मास्तर झालो. डोंगराचे गुण, बेटाचे गुण, चाल, चेहरे, बाण. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मला पायजे तर बेटच. पण ते चालंल का माझ्या लॅपटॉपवर? तवा आपल्या मशीनवर चालत नव्हतं ना."

कडब्याची पेंढी कधी उचलली होती आणि शीव कधी आली, त्या वाक्यात कळलं. "रविवारी येतो," मी म्हटलं.

गंगाखेडपर्यंत एसटी उसाच्या ट्रॉल्यांमागं रखडत गेली. मांडीवर पिशवीत वही होती. वाटेत मी सांगायची वाक्यं जुळवत होतो आणि सोनपेठ येईतो सगळी विसरलो. लहानपणापासून मी कमी बोलणारा. घरात सगळे म्हणतात, दादा गरीब आहे, दादाच्या पोटात काही नाही. पोटात बरंच काही असल्यावर माणूस कमी बोलतो, हे कुणाच्या लक्षात येत नाही.

उषानं चहा टाकला आणि शाळेची पिशवी उघडून एक कागद माझ्यासमोर पसरला. घड्यांवर चिकटपट्टी लावून लावून पिवळा पडलेला. बेटाचा नकाशा.

"ठेवलास?"

"ठेवला म्हंजी? चौथीला दिशा ह्याच्यावरच शिकवते मी. पूर्वेला दलदल, वायव्येला दीपस्तंभ. पोरं लय हुशार झालीत. धक्क्यावरून दीपस्तंभाला कसं जायचं विचार, डोळे झाकून सांगतेत." ती हसली. "माझी अख्खी शाळा जाऊन आली बेटावर. नुसती मीच जायची ऱ्हायलेय."

आता गप्प बसणं शक्य नव्हतं.

"उषे, बेट चालत होतं."

"कुठं?"

"आपल्या मशीनवर. तवाच. मी चालवून बघितलं होतं. तू गेल्यावर खेळलोबी. सगळं."

तिनं नकाशाची एक घडी घातली, परत उघडली. आत चहा उतू गेल्याचा आवाज आला, ती उठली नाही. मीच उठून गॅस बंद केला आणि तिथंच उभा राहिलो, ओट्याला धरून.

"इकडं ये," ती म्हणाली. मी गेलो. "कामून सांगितलंस खोटं?"

"तुला वाट विचारायला मीच लागावा म्हणून."

हे ऐकून ती माझ्याकडं बघायला लागली. शाळेत खोटं बोललेल्या पोराकडं बघत असेल तशी. "खोटं बोललास त्याचं मला इतकं वाटंना," ती म्हणाली. "पण तू एकटा जाऊन आलास, दादा. ते बरं न्हाई केलंस."

मी वही पुढं केली. तिनं चाळली. मधल्याच एका पानावर थांबून मोठ्यानं वाचलं, "'पहिल्या छत्रीला वळू नये. दुसऱ्या छत्रीलाही वळू नये.'" आणि मग तिचं ते जुनं हसू फुटलं, टेबलावर पडायचं. "आगं बाई, आण्णाच लिहायलेत की हे!" डोळे पुसत तिनं वही मिटून माझ्या पिशवीत घातली. "ठेव तुझ्यापाशी. मला चुकायचंय."

खेळ उतरवून घेतला, सुरू झाला. लॅपटॉपवर तो सहज चालला, चालणारच होता. जहाज, फळ्यांचा धक्का, शिपाई. नाव काय? तिनं न विचार करता टाकलं, गोदा. मला शेजारी खुर्ची दिली आणि अट घातली. "बस. पण बोलायचं न्हाई. एक शब्द काढायचा न्हाई. ही माझी दुपार हाय."

मी बसलो. गोदा धक्क्यावरून उतरली, नको तिकडं वळली, दलदलीत शिरली. मी ओठ आवळले. ती एका म्हाताऱ्याशी बोलली, त्यानं वाट सांगितली, ती नेमकी उलटी गेली. मी खुर्चीचा दांडा धरला. मग एका छत्रीखाली ती थांबली, आणि मला माहीत होतं की तिच्या मागं, अगदी मागं...

"डावीक..."

खेळ थांबला. "ऊठ."

"अगं, चुकून..."

"ऊठ. ओसरीवर शेंगा ठेवल्यात सुपात. फोडून दे."

एरवी दहा माणसांत न बोलणारा मी, आणि जिथं गप्प बसायचं तेवढंच जमेना. ओसरीवर ऊन होतं. पलीकडच्या रानात ज्वारी मशीनमधून काढायला लागले होते आणि तोच वास येत होता. मी शेंगा फोडत होतो. आतून उषाचा आवाज आला, कुणालाच उद्देशून नाही, "घ्या! झालं ओझं. आता काय टाकू?" त्या दिवशी मी सूपभर शेंगा फोडल्या आणि मला वाटतं बऱ्याच वर्षांत इतक्या आनंदानं काही केलं नव्हतं.

त्यानंतर तीन रविवार झाले. तिन्ही वेळा गेलो, तिन्ही वेळा ओसरीवर पोचलो. सगळ्यात जास्त टिकलो तो अकरा मिनिटं. उषानं घड्याळ लावलं होतं.

तिची ती दुपार मी अजून देणं लागतो. तिच्या शेजारच्या खुर्चीत, बारा ते चार, वाट माहीत असताना गप्प बसून.